अहवालामागचा विवेक

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त नारपोली येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)

नारपोलीत राहणाऱ्या माणसाला यंत्रमागाची खडखड वेगळी ऐकू येत नाही. माग थांबले, की मात्र तिची आठवण होते. रुग्णालयातील प्रयोगशाळेचेही तसेच आहे. रुग्णाला डॉक्टरांचे नाव ठाऊक असते, परिचारिकेचा चेहरा लक्षात राहतो, औषधाच्या दुकानदाराशीही ओळख होते. परंतु ज्या कागदावर त्याच्या रक्तातील साखर, क्रिएटिनिन किंवा पोटॅशियमचा आकडा छापलेला असतो, तो आकडा कुणाच्या हातून आला याची त्याला कल्पना नसते. अहवालाला उशीर झाला, तरच प्रयोगशाळेची चौकशी होते. या अनामिक माणसाचे काम आणि त्याला लागणारा विवेक, हा आजचा विषय आहे.

या व्यवसायाची नावे अनेक आहेत. ब्रिटनमध्ये त्याला 'बायोमेडिकल सायंटिस्ट' म्हणतात. तेथील प्रयोगशाळा सहायकांनी १९१२ साली आपली संघटना उभारली आणि पुढे या पदाला कायद्याने संरक्षित नाव मिळाले. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत 'प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी' आणि 'प्रयोगशाळा तंत्रज्ञ' अशी पदे असतात. मोठ्या रुग्णालयांत 'वरिष्ठ जीवरसायनतज्ज्ञ' असतात. लोक मात्र या सर्वांना 'लॅबवाले' एवढ्या एकाच शब्दात ओळखतात. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांविषयी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या व्यवसायांच्या यादीत वैद्यकीय प्रयोगशाळा हा विभाग पहिला आहे. एका दुर्लक्षित सेवेला उशिरा का होईना, नाव मिळाले.

महाराष्ट्राला या शास्त्राची परंपरा नवी नाही. डॉ. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, यांनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. सर सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून तो प्रथम नाकारला. आग्रह धरल्यावर तो मिळाला, पण एका वर्षाच्या परीक्षेच्या अटीवर. पुढे १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळविली. वनस्पतींच्या पेशींत श्वसनासाठी आवश्यक असणारे 'सायटोक्रोम सी' हे द्रव्य हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. एवढे शिक्षण घेऊन आल्यावर त्यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत सामान्य माणसाच्या ताटातील पदार्थ तपासायला घेतले. नीरेतील पोषणमूल्यांवरील त्यांच्या संशोधनाचा राष्ट्रपती पुरस्काराने गौरव झाला. उतारवयात त्या ग्राहक चळवळीत अन्नभेसळीच्या तपासणीसाठी झटल्या. परीक्षानळी हे लोकसेवेचे साधन होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत हीच सेवा रात्रंदिवस चालते.

मध्यरात्री आलेल्या एका नमुन्याचे उदाहरण घ्यावे. असा नमुना कोणत्याही मोठ्या रुग्णालयात येऊ शकतो. यंत्रावर पोटॅशियमचा आकडा उमटतो, ९.८. निरोगी माणसात तो साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असतो; सातच्या वर गेला तर हृदयाचे ठोके कोणत्याही क्षणी बिघडू शकतात. नवखा तंत्रज्ञ घाईने वॉर्डात फोन करील. वरिष्ठ वैज्ञानिक आधी त्याच नमुन्यातील कॅल्शियम पाहतात. तेही निम्म्यावर आलेले असते. मग त्यांच्या लक्षात येते, की दोष रुग्णात नसून नळीत आहे. रक्तपेशी मोजण्यासाठी जांभळ्या टोपणाची नळी वापरतात. तिच्यात रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमयुक्त क्षार घातलेला असतो आणि तो कॅल्शियम बांधून ठेवतो. रुग्णाची शीर सापडत नव्हती, रक्त कमी पडले, दुसऱ्यांदा सुई टोचण्याची दया आली, म्हणून कुणीतरी जांभळ्या टोपणाच्या नळीतील थोडे रक्त लाल टोपणाच्या नळीत ओतले. हेतू चांगला होता. परंतु त्या खोट्या आकड्यावर विसंबून पोटॅशियम उतरविण्याचे उपचार केले असते, तर निरोगी पोटॅशियम धोक्याच्या पातळीपर्यंत खाली गेले असते. नवा नमुना मागविला जातो. त्यात पोटॅशियम ४.३ निघते.

आता याच्या उलट प्रसंग पाहावा. डायलिसिसवरील रुग्णाचे पोटॅशियम खरोखरच ७.२ आहे. नमुन्यातील पेशी फुटलेल्या नाहीत, कॅल्शियम ठीक आहे, मूत्रपिंडाचे आकडे या निष्कर्षाशी जुळतात. येथे छापील अहवालाची वाट पाहणे हाच अपराध ठरतो. वैज्ञानिक स्वतः फोन करतात, आकडा सांगतात, ऐकणाऱ्याकडून तो परत वदवून घेतात आणि कुणाला, किती वाजता सांगितले याची नोंद करतात. दोन्ही प्रसंगी यंत्राने आपले काम केले. एका ठिकाणी अहवाल रोखायचा होता, दुसऱ्या ठिकाणी तो धावत पोहोचवायचा होता. हा भेद यंत्राला कळत नाही. म्हणूनच तेथे जाणते माणूस लागते.

येथे जैन श्रोत्यांना एक गोष्ट विशेष जवळची वाटेल. प्रत्येक प्रयोगशाळेत रुग्णांच्या नमुन्यांबरोबर रोज 'कंट्रोल' नावाचा एक नमुना तपासतात. त्यातील घटकांची अपेक्षित मात्रा आधीच ठाऊक असते. लेवी आणि जेनिंग्ज या संशोधकांनी १९५० साली अशा रोजच्या नोंदी आलेखावर मांडण्याची पद्धत घालून दिली. जेम्स वेस्टगार्ड यांनी १९८१ साली त्या आलेखावरून दोष ओळखण्याचे नियम सांगितले. आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, किंवा सलग अनेक दिवस मध्यरेषेच्या एकाच बाजूला राहिला, तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे आणि काम थांबवावे. मागावर धागा तुटल्यावर माग चालूच ठेवला, तर सगळ्या ताक्यात दोष उतरतो, हे नारपोलीत कुणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु केवळ थांबून भागत नाही. कंट्रोल आज सकाळी चुकला याचा अर्थ दोष आजच सुरू झाला असा होत नाही. मागच्या वेळी तो बरोबर आला होता, तेथपर्यंत परत जावे लागते. त्या दोन वेळांच्या मधले नमुने पुन्हा तपासावे लागतात. ज्यांचे अहवाल चुकीचे गेले, त्यांच्या डॉक्टरांना कळवून सुधारित अहवाल द्यावा लागतो, आणि चूक का झाली हे वहीत लिहून ठेवावे लागते. आपल्या परंपरेत याला प्रतिक्रमण म्हणतात. मर्यादेबाहेर गेलेले पाऊल मागे घेऊन, दोष कबूल करून पुन्हा मार्गावर येणे. एखादा वरिष्ठ वैज्ञानिक रात्री तीन वाजता वॉर्डात फोन करून सांगतो, "मघाशी पाठविलेले सोडियम चुकीचे आहे, कृपया त्यावर उपचार करू नका," तेव्हा त्याच्या ओठांवर 'मिच्छामि दुक्कडम्' हे शब्द नसतील. त्याची कृती मात्र तीच असते. अशा फोनने त्याची प्रतिष्ठा क्षणभर उणावते आणि एखाद्याचा जीव वाचतो. ज्या संस्थेत चूक सांगणाऱ्याला शिक्षा होते, तेथे चुका होतच राहतात. फरक इतकाच, की त्या वहीत उमटत नाहीत.

वस्तुतः प्रयोगशाळेतील पुष्कळशा चुका यंत्राजवळ घडतच नाहीत. त्या नमुना घेण्याच्या आधी आणि तो घेताना घडतात. भिवंडीचेच उदाहरण पाहावे. 'उपाशीपोटी साखर' या तपासणीत रात्रभर झोपलेला आणि आठ ते बारा तास काही न खाल्लेला माणूस गृहीत धरलेला असतो. यंत्रमागावर बारा तासांची रात्रपाळी करून सकाळी परस्पर दवाखान्यात येणारा कामगार या व्याख्येत कसा बसावा? जागे राहण्यासाठी त्याने पहाटे साखरेचा चहा घेतलेला असतो. "जेवलास का?" असे विचारले तर तो प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो, कारण चहाला कुणी जेवण म्हणत नाही. त्याला "शेवटचे काय, केव्हा घेतले?" असे विचारावे लागते. शिवाय घेतलेले रक्त तसेच ठेवले तर त्यातील पेशी साखर खात राहतात आणि साधारण तापमानाला ती तासाला ५ ते ७ टक्क्यांनी घटते. म्हणून साखरेसाठी फ्लोराइड असलेली राखाडी टोपणाची नळी वापरतात आणि सीरम किंवा प्लाझ्मा लवकर वेगळा करतात. मे महिन्याच्या उन्हात नमुन्यांची पिशवी दुचाकीला अडकवून गावभर फिरली, तर मधुमेही माणूसही कागदावर निरोगी ठरू शकतो.

जैन कुटुंबांतील व्रते प्रयोगशाळेच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. चौविहार आणि नवकारशी पाळणाऱ्याचा सूर्यास्तापासूनचा बारा तासांचा लंघनकाळ आपोआप पूर्ण होतो. अशा व्यक्तीने पहाटे उठून मुद्दाम वेगळा उपवास करण्याची गरज नाही. अठ्ठाई किंवा मासखमणासारख्या दीर्घ तपश्चर्येत मात्र शरीराचे रसायन बदलते. चरबी जळून कीटोन द्रव्ये तयार होतात, ती मूत्रपिंडातून बाहेर पडताना युरिक आम्ल मागे ठेवतात आणि रक्तातील युरिक आम्ल वाढते. बिलिरुबिनही काही जणांत वाढते. पर्युषणात तपासलेल्या तपस्व्याच्या अहवालावर हे दोन्ही आकडे ठळक छापून येतात आणि घरात काविळीची चर्चा सुरू होते. अर्जावर 'उपवासाचा सहावा दिवस' एवढे तीन शब्द लिहिलेले असतील, तर वैज्ञानिकाला आणि डॉक्टरांना अर्थ कळतो.

पारण्याचे शास्त्रही असेच आहे. दीर्घ उपवासानंतर एकदम गोड व भरपूर अन्न घेतले, तर पेशी रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम वेगाने ओढून घेतात, त्यांची रक्तातील पातळी धोक्याइतकी खाली जाऊ शकते. मुगाच्या पाण्याने हळूहळू पारणे सोडण्याची वडीलधाऱ्यांची रीत या दृष्टीने शहाणपणाची आहे. हे फॉस्फेट मोजण्याची जी पद्धत जगभर दीर्घकाळ वापरली गेली, ती सायरस फिस्के यांच्यासह आंध्रात जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी १९२५ साली दिली. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय तप धरू नये. औषध चालू आणि अन्न बंद, यातून साखर जीवघेणी खाली जाऊ शकते.

आता थोडी अप्रिय वाटेल अशी गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर व परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची जीवनसत्त्व बी-१२ साठी तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत ते कमी आढळले आणि शाकाहारी व्यक्तींत ही कमतरता कितीतरी अधिक होती. या कमतरतेने पंडुरोग होतो, हातापायांना मुंग्या येतात, स्मरणशक्ती मंदावते आणि होमोसिस्टिन नावाचे द्रव्य वाढते. शाकाहार सदोष आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. बी-१२ वनस्पती बनवीत नाहीत आणि प्राणीही बनवीत नाहीत. ते फक्त सूक्ष्मजीव बनवितात. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतून थोडे मिळते. गोळ्यांतील बी-१२ जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते. जिलेटिनच्या कॅप्सूलऐवजी साधी गोळी मागून घेता येते. आचार न सोडता ही उणीव भरून काढता येते, मात्र त्यासाठी ती आहे हे आधी मान्य करावे लागते. प्रयोगशाळेचा आकडा आपल्या आवडीनिवडीची पर्वा करीत नाही. त्यातच त्याचे मोल आहे.

तरीही आकडा म्हणजे अंतिम सत्य नव्हे. एकच नमुना दहा वेळा तपासला तर दहाही आकडे तंतोतंत सारखे येत नाहीत. प्रत्येक मापनात थोडी अनिश्चितता असते आणि ती किती आहे हे प्रयोगशाळेने काढून ठेवावे, असे आयएसओ १५१८९ हे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. हा विचार जैन दर्शनाला परका नाही. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ साली संख्याशास्त्राच्या पायाविषयी लिहिताना स्याद्वादाचा आधार घेतला. जे. बी. एस. हाल्डेन या जीवशास्त्रज्ञांनी १९५७ साली स्याद्वादाच्या विधानपद्धतीवर स्वतंत्र लेख लिहिला. 'आहे', 'नाही' यांबरोबर 'सांगता येत नाही' या विधानालाही सप्तभंगीत सन्मानाचे स्थान आहे. सीमारेषेवरील अहवालाबाबत "पुन्हा तपासावे" असे लिहिणारा वैज्ञानिक टाळाटाळ करीत नसतो, तो अवक्तव्याला अवक्तव्य म्हणत असतो. आणि रक्ताचा आकडा ही रुग्णाकडे पाहण्याची एक बाजू आहे. त्याची तक्रार, डॉक्टरांची तपासणी, जुने अहवाल या इतर बाजू जुळल्या म्हणजेच निदान पूर्ण होते. अनेकान्ताचे याहून व्यवहारी उदाहरण क्वचितच सापडेल.

अहिंसेच्या दृष्टीनेही या शास्त्राचा प्रवास पाहण्यासारखा आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत आशहाइम आणि झोंडेक यांनी गर्भधारणेची चाचणी शोधली, तेव्हा प्रत्येक चाचणीसाठी उंदरांचा बळी जात असे. नंतर ससे आणि बेडूक आले. १९६० च्या सुमारास प्रतिपिंडांवर आधारलेली चाचणी निघाली आणि आज एका कागदी पट्टीवर दोन रेषा पाहून काम होते. इन्शुलिन पूर्वी गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. १९८२ पासून जिवाणूंकडून बनविलेले मानवी इन्शुलिन उपलब्ध झाले. प्राण्यांचा उपयोग पूर्णपणे संपला आहे असे मात्र म्हणता येणार नाही. अनेक चाचण्यांतील प्रतिपिंडे आजही प्राण्यांपासून मिळविलेल्या पेशींतून किंवा रक्तातून येतात. मार्ग बराच चालून झाला आहे, पुष्कळ बाकी आहे. प्रयोगशाळेत रोज आचरता येणारी अहिंसा साधी आहे. नमुना पहिल्याच वेळी नीट घ्यावा, म्हणजे तान्ह्या बाळाला दुसऱ्यांदा सुई टोचावी लागत नाही.

शेवटी, धर्मादाय संस्थांच्या विचारासाठी काही गोष्टी. समाजातील दाते प्रयोगशाळेला उदार मनाने यंत्रे देतात, त्यावर मातापित्यांच्या स्मृतीची पाटी लागते. परंतु यंत्र आले म्हणजे प्रयोगशाळा उभी राहिली असे नाही. रोज लागणारी रसायने, कंट्रोलच्या बाटल्या, कॅलिब्रेशन, दुरुस्तीचा वार्षिक करार, वीज गेल्यावर शीतपेटी चालू ठेवणारी व्यवस्था आणि पात्र तंत्रज्ञाचे पुरेसे वेतन, यांवर कुणाच्या नावाची पाटी लागत नाही. म्हणून त्यांच्यासाठी दानही येत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजतर्फे चालणाऱ्या बाह्य गुणवत्ता योजनेत सहभागी होऊन आपले आकडे देशातील इतर प्रयोगशाळांशी ताडून पाहता येतात. एखाद्या दात्याने अशा योजनेची वर्गणी भरली, तर त्याचे पुण्य यंत्रदानाहून रतिभर कमी नाही.

दुसरी गोष्ट रोगनिदान शिबिरांची. जितक्या जास्त तपासण्या तितके शिबिर मोठे, हा समज सोडावा. 'सामान्य मर्यादा' अशा रीतीने ठरवितात, की शंभरातील सुमारे ९५ निरोगी माणसे तिच्या आत येतात. म्हणजे निरोगी माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर त्यांपैकी निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. पुढे भीती, पुन्हा तपासण्या आणि खर्च यांची साखळी सुरू होते. अपरिग्रह फक्त धनाचा नसतो, तपासण्यांचाही असतो. मोजक्या, आवश्यक तपासण्या कराव्यात. अहवाल हाती देताना तो समजावून सांगणारा डॉक्टर उपस्थित असावा. ज्याच्या अहवालात दोष निघाला त्याच्या घरी महिनाभराने कुणीतरी चौकशीला जावे. दोनशे जणांची साखर तपासून त्यांना कागद वाटण्यापेक्षा वीस मधुमेहींना वर्षभर सांभाळणे कठीण आहे. परंतु सेवा या शब्दाला तेच शोभते.

पन्नास वर्षे एखादी संस्था टिकते ती केवळ मंचावर दिसणाऱ्यांमुळे नाही. हिशेबाची वही रोज रात्री जुळवणारे, पाण्याची टाकी धुणारे, सर्वांआधी येऊन दिवा लावणारे असे हात तिच्यामागे असतात. रुग्णालयात असे हात प्रयोगशाळेत असतात. यापुढे अहवालाचा कागद हाती येईल, तेव्हा त्यामागे रात्रभर जागलेल्या एका माणसाचे स्मरण ठेवावे, आणि त्याने "नमुना पुन्हा द्यावा लागेल" असे म्हटल्यास न रागावता हात पुढे करावा.